परीक्षेआधी कंपासपेटीची परीक्षा

बहिर्गोल भिंगाची किरणाकृती तुम्ही अनेकदा काढली असेल. वस्तूच्या टोकापासून निघालेले दोन किरण भिंगापलीकडे जेथे छेदतात, तेथे प्रतिमा मिळते. कागदावर हे किरण म्हणजे दोन रेषा. भूमितीतल्या रेषेला जाडी नसते, पण पेन्सिलीच्या रेषेला ती असतेच. समजा, बोथट पेन्सिलीने तुमची रेषा अर्धा मिलिमीटर जाड उमटली आणि असे दोन किरण १० अंशांच्या कोनात छेदले. मग छेदनबिंदू हा बिंदू राहत नाही. तेथे सुमारे ६ मिलिमीटर लांबीचा चिंचोळा समभुज चौकोन तयार होतो. आकृतीचे प्रमाण १ सेंमी = ५ सेंमी असेल, तर प्रतिमेच्या अंतरात जवळजवळ तीन सेंटिमीटरांपर्यंत अनिश्चितता आली! तुम्हांला प्रकरण नीट समजले होते, सूत्रही पाठ होते. उत्तर बिघडवले ते पेन्सिलीने. रेषा ०.२ मिमी जाडीची असती, तर हीच अनिश्चितता सुमारे एका सेंटिमीटरवर आली असती.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. आकृती काढणे हेही एक मापनच आहे आणि कंपासपेटी ही तुमची स्वतःची छोटी प्रयोगशाळा आहे. तराजू वापरण्यापूर्वी त्याचा काटा शून्यावर आहे की नाही हे आपण पाहतो. मग पट्टी आणि गुण्या यांच्यावरच आंधळा विश्वास का ठेवायचा? चकचकीत तयार पेटी घेण्यापेक्षा एकेक वस्तू पारखून आपली पेटी आपणच जमवणे चांगले. ती कशी जमवायची ते पाहू या.

पेन्सिल : आपण 'शिसपेन्सिल' म्हणतो खरे, पण तिच्यात शिसे मुळीच नसते. तिच्यातला काळा पदार्थ म्हणजे ग्रॅफाइट. पूर्वी लोक त्याला शिशाचाच एक प्रकार समजत. ते कार्बनचे रूप आहे हे शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये दाखवले; नावात मात्र शिसे राहून गेले! ग्रॅफाइटमधले कार्बनचे अणू षटकोनी जाळीच्या थरांत बसलेले असतात. एका थरातले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पण दोन थरांमधली पकड फार ढिली असते. म्हणून कागदाच्या खरखरीत पृष्ठभागावर पेन्सिल फिरवली की थर सुटून तंतूंमध्ये अडकतात. गुळगुळीत कॅलेंडरच्या कागदावर पेन्सिल नीट का उमटत नाही, हे आता तुम्हीच सांगा. असे थर चिकटपट्टीने सोलत सोलत २००४ मध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी एकाच अणूच्या जाडीचा थर, म्हणजे ग्रॅफीन, वेगळा केला. त्यासाठी त्यांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेन्सिलीवरच्या 'एच' आणि 'बी' या अक्षरांचे मूळ फ्रान्सच्या काँते याने १७९५ मध्ये पेटंट घेतलेल्या कृतीत आहे. ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून तो भट्टीत भाजत असे. माती जास्त असेल, तर पेन्सिल कठीण आणि फिकट होते. ग्रॅफाइट जास्त असेल, तर मऊ आणि काळी होते. तुम्हांला तीन पेन्सिली पुरेत : रचनेच्या रेषांसाठी '२एच', पक्क्या रेषांसाठी 'एचबी' आणि चित्रातील छायेसाठी '२बी'. बरोबर पॉलिश पेपरचा एक तुकडा ठेवा. सरळ रेषा काढायच्या पेन्सिलीचे टोक त्यावर घासून पटाशीसारखे चपटे करा. ते लवकर झिजत नाही आणि रेषा शेवटपर्यंत बारीक राहते.

खोडरबर : पेन्सिलीच्या खुणा रबराने पुसता येतात, अशी नोंद जोसेफ प्रीस्टली याने १७७० मध्ये केली. त्याआधी पावाचा चुरा वापरत! तंतूंवर नुसते टेकलेले ग्रॅफाइटचे कण रबराला चिकटतात आणि रबराच्या भुग्याबरोबर निघून जातात. परंतु कठीण पेन्सिल दाबून चालवली, तर कागदावर चर पडते, आणि चर कोणतेही रबर पुसू शकत नाही. म्हणून '२एच' नेहमी हलक्या हाताने चालवा.

पट्टी : पट्टीच्या कडेने एक लांब रेषा काढा. आता पट्टीची टोके उलटसुलट करून, म्हणजे डावे टोक उजवीकडे आणून, त्याच कडेने त्याच दोन बिंदूंमधून पुन्हा रेषा काढा. दोन्ही रेषा एकच दिसल्या, तर कड सरळ आहे. मध्ये भिंगाच्या आकाराची फट दिसली, तर कड वाकडी आहे. पट्टीचे शून्याचे टोक झिजलेले असेल, तर १ सेंमीच्या खुणेपासून मोजा आणि उत्तरातून १ वजा करा. प्लास्टिकची पट्टी उन्हात ठेवू नका. तापमान २० अंश सेल्सिअसने वाढले, तर ३० सेंमीची ॲक्रिलिकची पट्टी सुमारे ०.४ मिमी लांबते. ही वाढ थंड झाल्यावर नाहीशी होते, पण उन्हाने आलेला बाक मात्र जात नाही.

गुण्ये : सरळ पट्टीला गुण्या टेकवून एका बिंदूतून लंब काढा. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरा लंब काढा. दोन्ही लंब जुळले, तर कोन खरोखर ९० अंशांचा आहे. त्यांच्यात १ अंशाचा फरक दिसला, तर गुण्याची चूक अर्ध्या अंशाची आहे. उलटल्यामुळे चूक दुप्पट होऊन दिसते, हीच या कसोटीची गंमत आहे.

कंपास : ५ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढा. कंपासाचा कोन न बदलता परिघावर एका बिंदूपासून सुरुवात करून एकामागून एक सहा खुणा करा. सहावी खूण पहिल्या बिंदूवरच यायला हवी. प्रत्येक पावलात अर्धा मिलिमीटर चूक झाली, तर शेवटी ती ३ मिमी होऊन समोर येते. असे झाले, तर आधी स्क्रू घट्ट करा. पेन्सिल आतून हलत असेल, तर तिच्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळा.

कोनमापक : ५ सेंमी त्रिज्येच्या कोनमापकावर १ अंश म्हणजे परिघावरचे केवळ ०.८७ मिमी अंतर. तेथेही अर्धा मिलिमीटर जाडीची रेषा अर्ध्या अंशाहून अधिक जागा अडवते! तपासलेल्या गुण्याचा काटकोन त्यावर मोजून पाहा. नंतर कोन वाचताना कोनाच्या भुजा लांब वाढवून घ्या आणि डोळा बरोबर खुणेच्या वर धरा.

हे सर्व साहित्य एखाद्या जुन्या पत्र्याच्या डब्यात मावेल. तळाशी मऊ फडके घाला, म्हणजे डबा पडला तरी पेन्सिलीतली कांडी आतल्या आत तुटणार नाही. कंपासाच्या टोकाला शिलाई मशीनच्या तेलाचे बोट लावा, गंज चढणार नाही.

आता शेवटचे आणि महत्त्वाचे काम. एका कार्डावर तुमच्या पेटीतील प्रत्येक वस्तूची कसोटी, तारीख आणि सापडलेली चूक लिहा आणि ते कार्ड झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवा. 'गुण्या : अर्धा अंश जास्त' असे लिहिलेला गुण्या फेकून देण्याची गरज नाही. चूक ठाऊक असेल, तर ती उत्तरातून काढता येते. ऐन परीक्षेत शेजाऱ्याकडून मागून घेतलेल्या गुण्याची चूक मात्र आपल्याला ठाऊक नसते, आणि तिचे गुण आपलेच जातात.

शिक्षकांनी वर्गात एक तास देऊन सर्वांच्या कार्डांवरील नोंदी फळ्यावर मांडाव्यात. कोणत्या साधनात चूक सर्वांत जास्त आढळते, हे त्या तक्त्यावरून विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.