४८ पैकी ४२ गुण, तरी मामा घरीच

माझे मामा सांगलीत फरशी बसवायचं काम करतात. करायचे, असं म्हणायला हवं. तीस वर्षं गुडघ्यांवर बसून काम केल्यावर ५२ व्या वर्षी त्यांचा उजवा गुडघा बदलावा लागला. ऑपरेशनला वर्ष झालं तेव्हा मी त्यांना एक प्रश्नावली भरायला दिली. खरं तर सरावासाठीच. माझ्या अभ्यासातल्या पेशंटना ती द्यायच्या आधी किती वेळ लागतो ते बघायचं होतं. ४८ पैकी ४२ गुण आले. मी खूश होऊन म्हटलं, "मामा, तुम्ही एकदम चांगल्या गटात आहात." ते म्हणाले, "हो का? मग उद्यापासून कामावर जाऊ का गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही जर प्रपोजल लिहिताना 'आउटकम'च्या रकान्यात एखाद्या स्केलचं नाव टाकून मोकळे होत असाल, तर पुढचं वाचा. मीही तेच केलं होतं.

आधी ऑपरेशनबद्दल थोडं. आपल्याकडे सर्रास 'वाट्या बदलल्या' म्हणतात. प्रत्यक्षात मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक यांचा झिजलेला भाग कापून तिथे धातूचे भाग बसवतात, मध्ये पॉलिएथिलीनचा थर असतो. वाटीची मागची बाजू कधी बदलतात, कधी तशीच ठेवतात.

जखम काही आठवड्यांत भरते. खरा वेळ लागतो तो मांडीच्या पुढच्या स्नायूला. २००५ साली मिझनर आणि सहकाऱ्यांनी २० पेशंटचा एक छोटा अभ्यास छापला. ऑपरेशननंतर महिन्याभरात या स्नायूची ताकद ६२ टक्क्यांनी घटली होती. स्नायूचा आकार मात्र फक्त १० टक्क्यांनी कमी झाला होता. म्हणजे स्नायू जागेवर होता, पण मेंदूकडून येणारा हुकूम त्याच्यापर्यंत पुरेसा पोचत नव्हता. 'पाय बारीक झालाय, खाऊन-पिऊन भरून येईल' हा घरच्यांचा हिशेब इथेच चुकतो. मामा पहिला महिनाभर पाय सरळ उचलायचा प्रयत्न करायचे आणि पाय हलायचा नाही, तेव्हा त्यांना वाटायचं आपणच आळस करतोय. हा पेपर मी आधी वाचला असता तर त्यांना तेव्हाच सांगितलं असतं.

आता प्रश्नावलीकडे वळू. मी वापरली ती ऑक्सफर्ड नी स्कोअर, १९९८ साली प्रसिद्ध झालेली. १२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४८. प्रश्न साधे आहेत: दुखतं किती, किती वेळ चालता येतं, जिना उतरता येतो का, बाजारहाट एकट्याने जमतो का. त्यातला एक प्रश्न असा, की गुडघे टेकून बसून परत उठता येतं का.

गणित करून बघा. ज्याला गुडघे टेकणं अजिबात जमत नाही, पण बाकी सगळं उत्तम आहे, त्याला ४४ गुण मिळतात. निवृत्त बँक कर्मचाऱ्यासाठी हे ठीकच आहे. फरशीवाल्यासाठी मात्र तो एक प्रश्न म्हणजे अख्खा पगार. मामांचे गेलेले सहापैकी चार गुण तिथलेच होते.

दुसरी गोम जास्त लपलेली आहे. गुडघेदुखीमुळे रोजच्या कामात किती अडथळा आला, असाही एक प्रश्न त्यात आहे. मामांनी लिहिलं, 'अजिबात नाही.' खरंच होतं ते, कारण काम बंदच होतं! माणसाने काम सोडलं की गुण वाढतात, हे माझ्या पाहण्यात आलं नसतं, जर मी शेजारी बसून त्यांना विचारलं नसतं.

तरुण आणि जास्त हालचालीच्या पेशंटसाठी वेगळ्या प्रश्नावल्या आहेत. १९९८ मध्येच आलेल्या कूसमध्ये ४२ प्रश्न आहेत आणि त्याचे पाच भाग वेगवेगळे मोजतात. उकिडवं बसणं, पळणं, गुडघे टेकणं हे एका स्वतंत्र भागात येतं, त्यामुळे तिथली शून्यं बाकीच्या चांगल्या गुणांखाली झाकली जात नाहीत. २०१२ चा फरगॉटन जॉइंट स्कोअर तर वेगळंच विचारतो: आपला सांधा बदललाय हे तुम्ही दिवसभरात विसरता का? मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो. पण मांडी घालून बसायची सवय असलेल्या माणसाला पंगतीत खुर्ची मागावी लागली की सांधा आठवणारच.

मामांचा दुसरा प्रश्न होता, "हा किती वर्षं टिकेल?" इथे आकडे वाचताना सावध राहा. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये बेलिस आणि सहकाऱ्यांचा ब्रिटनमधला अभ्यास आला. सत्तरीनंतर गुडघा बदलला तर आयुष्यभरात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास. पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांत मात्र ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते, त्याच वयाच्या बायकांत सुमारे २०. हा फरक सगळा झिजेचा नाही. सत्तरीतल्या अनेकांचं आयुष्य सांध्याच्या आधी संपतं, त्यामुळे दुसऱ्या ऑपरेशनची वेळच येत नाही. याला 'कॉम्पिटिंग रिस्क' म्हणतात आणि व्हायवामध्ये यावर हमखास विचारतात. शिवाय साठीच्या आत ऑपरेशन होऊन ज्यांना ते पुन्हा करावं लागलं, त्यांच्यातल्या निम्म्यांवर ही वेळ ४.४ वर्षांच्या आतच आली होती. म्हणजे 'वीस वर्षांनी बघू' हेही पुरेसं नाही.

आणि ज्याचा गुडघा दुखतोय पण जो दुसरं ऑपरेशन नको म्हणतो, तो या टक्क्यांत कुठेच येत नाही. त्याचा सांधा नोंदीत 'टिकलेला' असतो.

मामांना डॉक्टरांनी सांगितलं की दिवसभर गुडघ्यावर बसायचं काम नको. माझ्या प्रश्नावलीच्या शेवटी मी आता एक ओळ वाढवली आहे: ऑपरेशनआधी पोटापाण्यासाठी काय करत होता, आणि आज काय करता? गाईडनी विचारलं, याचे गुण कसे देणार? म्हटलं, गुण नाही देणार, उत्तरं तशीच तक्त्यात मांडणार. ते थोडे कुरकुरले, पण सही केली.

मामांनी तिथे लिहिलंय: "आधी फरशी. आता मापं घेतो, मुलं बसवतात. पैसे निम्मे."