समज देऊन सोडले. पण समज घेतली का?

वस्तीतल्या पोराला नाक्यावर पोलिसांनी अडवले, की तो घरी येऊन दोनपैकी एक गोष्ट सांगतो. पावती फाडली असेल तर ‘मामाने लुटलं’ आणि फाडली नसेल तर ‘समज देऊन सोडलं’. पहिल्या गोष्टीवर घरात दोन दिवस बोलणे चालते. दुसरी गोष्ट जेवणाचे ताट उचलायच्या आत विसरली जाते.

आरोग्याच्या पानावर पोलिसांची गोष्ट कशाला, असे काहींना वाटेल. पण अपघात विभागात नोकरी करताना आम्ही जे पाहिले आणि आता वस्त्यांमध्ये फिरताना जे ऐकतो, त्यावरून सांगतो, की ही समज म्हणजे ताप आहे. ताप आला म्हणून कोणी थर्मामीटर फोडत नाही. ताप कशाने आला ते शोधतो.

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसे मेली. हे सरकारचेच आकडे आहेत. मेलेल्यांपैकी शंभरात ४४ जण दुचाकीवरचे होते आणि सुमारे ५० हजार जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. यांत मोठा वाटा कमावत्या वयाच्या माणसांचा असतो. आपल्या घरांचा विचार करा. डिलिव्हरी करणारा, कुरिअरवाला, सकाळी साइटवर जाणारा वायरमन, सगळे दुचाकीवरच आहेत. तो पडला तर घराची चूल पडते.

पोलीस नेमके कशासाठी अडवतात?

सिग्नल तोडणे, राँग साइडने येणे, कट मारणे, मोबाईल हातात धरून चालवणे. या सवयी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये ‘धोकादायक वाहन चालवणे’ या नावाखाली येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हेल्मेट नसेल किंवा ट्रिपल सीट असेल तर कायद्यात १ हजार रुपये दंड आहे आणि त्यासोबत ३ महिन्यांसाठी लायसन्स रद्द होऊ शकते. जागेवर तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवते, त्यामुळे पावतीवरचा आकडा वेगळा दिसू शकतो.

दारू पिऊन गाडी चालवली तर गोष्ट वेगळी. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली, की पहिल्याच वेळी १० हजार रुपये दंड किंवा ६ महिने कैद, किंवा दोन्ही. इथे समज देऊन सोडण्याची अपेक्षाच धरू नका.

भरधाव चालवून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली गुन्हा नोंदवता येतो. नोंदलेला गुन्हा पुढे पोलीस भरती, पासपोर्ट, नोकरीची चारित्र्य पडताळणी अशा ठिकाणी आडवा येऊ शकतो. डिलिव्हरी करणाऱ्याचे लायसन्स ३ महिने गेले म्हणजे ३ महिने काम गेले. म्हणून समज देऊन सोडले, तर ती सूट नसून एक संधी आहे असे समजा.

शरीराला वेग कळत नाही

समोर काही दिसले, ते मेंदूला कळले आणि हाताने ब्रेक दाबला, यात साधारण एक सेकंद जातो. ताशी ४० च्या वेगात त्या एका सेकंदात गाडी ११ मीटर पुढे जाते. ताशी ६० असेल तर जवळजवळ १७ मीटर. म्हणजे ब्रेक लागायच्या आतच गाडीने वस्तीतली चार-पाच घरे ओलांडलेली असतात. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. झोप झालेली नसेल, हातात मोबाईल असेल किंवा दोन पेग घेतले असतील, तर तो एक सेकंद आणखी लांबतो.

पडताना डोके आपटले, की कवटीच्या आत मेंदू हलतो. बाहेर रक्त दिसेलच असे नाही. अपघात विभागात आम्ही असे रुग्ण पाहिले, की स्वतः चालत आले, नाव-पत्ता सांगितला, ‘काही झालं नाही, घरी जातो’ म्हणाले. काही तासांनी तेच बेशुद्ध झाले. कवटीच्या आत रक्त साचत जाते आणि मेंदू दाबला जातो. या मधल्या शुद्धीच्या वेळेनेच अनेक घरांना फसवले आहे.

जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे, की हेल्मेटमुळे मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याला मार लागण्याचा धोका सुमारे ६९ टक्के कमी होतो. पण ते आयएसआय शिक्क्याचे हवे, मापाचे हवे आणि हनुवटीखाली पट्टा बांधलेला हवा. आरशाला अडकवलेले हेल्मेट फक्त आरशाला वाचवते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नका. मागे बसणारीलाही हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे. ती आई असो, बायको असो की बहीण.

अडवले तर काय करावे?

वस्तीतली पोरे म्हणतात, ‘आमचा पत्ता ऐकला की पोलिसांचा आवाज बदलतो.’ ही तक्रार खोटी आहे असे आम्ही कधी म्हणणार नाही. पण वागणूक वाईट मिळाली म्हणून वेग चांगला ठरत नाही. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या धरा आणि दोन्हींना नीट उत्तर द्या.

गाडी बाजूला घेऊन थांबा. पळून जाऊ नका. पळतानाच मोठे अपघात होतात. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी हे डिजिलॉकर किंवा एमपरिवाहन ॲपमध्ये ठेवा. तिथली कागदपत्रे कायद्याने चालतात. ‘साहेब, माझं काय चुकलं?’ एवढेच शांतपणे विचारा आणि उत्तर ऐका. पैसे भरले तर पावती किंवा ई-चलान घ्या. पावतीशिवाय पैसे देऊ नका. लायसन्स ठेवून घेतले तर त्याची पोच मागा. कलम २०६ प्रमाणे ती द्यावी लागते.

ई-चलान चुकीचे वाटले तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करता येते. न भरलेली चलाने लोक अदालतीतही निकाली काढता येतात. ती साठवून ठेवू नका. चलान गाडीच्या मालकाच्या नावावर येते आणि आपल्याकडे गाडी बहुधा बापाच्या किंवा आईच्या नावावर असते.

कोणी जातीवरून शिवीगाळ केली तर तिथे हातघाईवर येऊ नका. वेळ, जागा, साक्षीदार आणि छातीवरच्या पट्टीवरचे नाव लक्षात ठेवा. चारचौघांत केलेली जातीवाचक शिवीगाळ हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

घरच्यांचे काम

समज मिळाली असे मुलाने सांगितले, तर ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. कुठे, किती वाजता, कशामुळे, हे विचारा. एकाच कारणासाठी दुसऱ्यांदा अडवले असेल तर ती सवय झाली आहे असे समजा. रात्री उशिराच्या डिलिव्हरीनंतर अडवले असेल तर झोप किती होते ते पाहा. कंपनीच्या घड्याळामुळे सिग्नल तुटत असेल तर दोष एकट्या पोराचा नाही. अशा पोरांनी एकत्र येऊन कंपनीशी बोलले पाहिजे आणि आपण त्यांच्यामागे उभे राहिले पाहिजे. वस्तीच्या तोंडाशी दिवा नाही, खड्डा आहे, तर वॉर्ड कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच जपून ठेवा.

१८ वर्षांखालच्या मुलाच्या हाती किल्ली देऊ नका. १६ व्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी लायसन्स घेऊन चालवता येते. घरोघरच्या स्कूटी त्याहून मोठ्या असतात. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि मुलाला २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. विमा संपू देऊ नका. विमा नसताना आपल्या गाडीने कोणी जखमी झाले, तर भरपाई घर विकून द्यावी लागेल.

अपघात झालाच तर

१०८ वर फोन करा. जखमीला दोघांच्या मध्ये स्कूटरवर बसवून नेऊ नका. मान मोडलेली असेल तर जन्माचे अपंगत्व येते. मान हलू देऊ नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. पाणी पाजू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती नाही आणि कलम १३४-अ त्याला संरक्षण देते.

डोक्याला मार लागून घरी सोडले असेल तर किमान २४ तास कोणीतरी जवळ राहा. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, झटका, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणे, एक बाहुली मोठी दिसणे, यांतले एकही दिसले तर लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. सकाळची वाट पाहू नका.

मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत अपघातग्रस्ताला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत पहिले ७ दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार मिळतात. दाखल करतानाच त्याबद्दल विचारा. ठोकून पळालेल्या गाडीचा पत्ता लागला नाही, तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये भरपाई आहे. न्यायाधिकरणात दावा ६ महिन्यांच्या आत लावावा लागतो, म्हणून एफआयआरची प्रत आणि दवाखान्याचे कागद एका पिशवीत जपून ठेवा.

हे पान वाचून झाल्यावर एवढे करा. घरातली गाडी ज्याच्या हातात असते, त्याला शेजारी बसवा. त्याच्या हेल्मेटचा पट्टा ओढून पाहा, विम्याची तारीख वाचा आणि गेल्या सहा महिन्यांत पोलिसांनी किती वेळा समज दिली ते विचारा. यायला दहा मिनिटे उशीर झाला तरी चालेल, असे त्याला घरातल्या प्रत्येकाने आपल्या तोंडाने सांगा.