मंगळावर बिऱ्हाड

वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर ‘मंगळ आहे / नाही’ हा रकाना अजून टिकून आहे. ज्या ग्रहापायी आपल्याकडे लग्नं अडतात, त्याच ग्रहावर जाऊन संसार थाटायची बोलणी जगात गेली काही वर्षं जोरात चालली आहेत. गंमत अशी, की ही सगळी बोलणी रॉकेटभोवतीच फिरतात. रॉकेट केवढं, कितीला पडेल, सुटणार कधी. म्हणजे वरातीच्या घोड्यावर तासभर खल करायचा आणि मुलगी नांदणार कुठं हे कुणी विचारायचंच नाही, तसलं काहीतरी. माझ्या मते प्रश्न नांदण्याचाच आहे.

बाकीची स्थळं चटकन बाद होतात. गुरू-शनीवर पाय टेकायला जमीन नाही. बुधावर दिवसा चारशे अंशांच्या वर भट्टी आणि रात्री उणे 180. शुक्राच्या पृष्ठभागावर 465 अंश तापमान आणि आपल्या नव्वदपट हवेचा दाब. 1982 साली तिथं उतरलेलं सोव्हिएत ‘व्हेनेरा 13’ यान 127 मिनिटं तगलं, तर त्याचंच कौतुक झालं. उरला मंगळ. वरवर पाहता स्थळ बरं आहे. दिवस 24 तास 39 मिनिटांचा, ऋतू आहेत, ध्रुवांवर बर्फ आहे.

खोलात शिरलं की एकेक खोट निघते. हवा आहे, पण तिचा दाब आपल्याकडच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि त्यातही 95 टक्के कार्बन डायऑक्साइड. इतक्या कमी दाबाला माणसाच्या जिभेवरची लाळ अंगातल्या उबेनंच उकळू लागेल. या हवेतून प्राणवायू काढता येतो का, हे ‘पर्सिव्हरन्स’ गाडीवरच्या ‘मॉक्सी’ नावाच्या पेटीनं करून दाखवलं. 2021 ते 2023 या काळात सोळा वेळा चालून तिनं एकूण 122 ग्रॅम प्राणवायू दिला. एका माणसाला दिवसाला सुमारे 840 ग्रॅम लागतो, म्हणजे झाली साडेतीन तासांची बेगमी. मी याला अपयश म्हणणार नाही. तो मासला होता, आणि मासला चोख निघाला. यंत्र मोठं करणं हे इंजिनीयरचं काम, ते ते करतील.

माझी काळजी मातीची आहे. 2008 साली ‘फिनिक्स’ यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडलं. हे क्षार थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात. ‘द मार्शियन’ सिनेमातल्या नायकानं बटाटे पिकवले खरे, पण ती माती आधी धुऊन घ्यावी लागली असती. बरं, धुतली तरी ती मातीच नव्हे. कुंडीतली माती मुठीत घेतली तर तिच्यात गांडूळ, बुरशी, कुजलेलं पान आणि कोट्यवधी जिवाणू असतात. मंगळावर आहे ती नुसती खडकाची भुकटी. तिला माती करायची तर हा सगळा गोतावळा इथून न्यावा लागेल, आणि हा गोतावळा आपल्या मर्जीनं वागत नाही.

तो कसा वागतो, हे अमेरिकेतल्या ॲरिझोनात एकदा पाहून झालं आहे. ‘बायोस्फिअर 2’ ही सव्वातीन एकरांच्या आसपासची काचेची बंद वास्तू. आत छोटं रान, छोटा समुद्र, शेत, शेळ्या, कोंबड्या. 26 सप्टेंबर 1991 रोजी आठ माणसं आत गेली आणि दार बंद झालं. दोन वर्षं आतलंच खायचं, आतलंच प्यायचं, आतल्याच हवेत श्वास घ्यायचा.

काही महिन्यांतच हवेचा हिशेब चुकू लागला. प्राणवायू 20.9 टक्क्यांवरून उतरत उतरत साधारण 14 टक्क्यांवर आला, म्हणजे लेहहूनही उंच डोंगरावर राहिल्यासारखं. लांब वाक्य बोलताना मध्येच दम खावा लागे, रात्री झोपेत श्वास अडके. पिकं जोमानं यावीत म्हणून शेतात भरपूर सेंद्रिय खत घातलं होतं. त्यावर जिवाणू पोसले आणि तेच प्राणवायू खात सुटले. पण मग त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड तेवढाच वाढायला हवा होता, तो वाढेना. तो गेला कुठं? तर भिंतींत. शाळेत आपण चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर मारायचो आणि पाणी दुधाळ व्हायचं, आठवतं? तीच क्रिया. काँक्रीटमधला चुना तो वायू गुपचूप पीत बसला होता, आणि त्याच्यासोबत प्राणवायूही कायमचा अडकत होता. शेवटी जानेवारी 1993 मध्ये बाहेरून प्राणवायू भरावा लागला. टीकाकारांनी ‘लबाडी’ म्हणून बोटं मोडली. मला मात्र हा निकाल सगळ्या यशस्वी उड्डाणांपेक्षा मोलाचा वाटतो. घर बांधताना गवंड्यानं काय कालवलं, यावर घरातल्यांचा श्वास ठरतो हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

परागीभवन करणारे कीटक बहुतेक मेले. मुंग्या आणि झुरळं माजली. माणसं अर्धपोटी राहिली, वजनं उतरली, आणि आठांचे चार-चारचे दोन तट पडले. एकमेकांशी धड बोलेनात. चाळीत राहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. फक्त चाळीतून रुसून निदान कोपऱ्यावरच्या टपरीवर तरी जाता येतं.

किरणोत्साराचा मुद्दाही आहेच. मंगळावरच्या ‘क्युरिऑसिटी’ गाडीच्या मोजणीनुसार मंगळाच्या पृष्ठभागावर रोज सुमारे 0.67 मिलिसिव्हर्ट पडतात. पृथ्वीवर वर्षभरात सरासरी मिळतात तेवढे तिथं चार दिवसांच्या आत. उपाय सोपा आहे, जमिनीखाली राहायचं. म्हणजे एवढा प्रवास करून तळघरात बिऱ्हाड. गुरुत्व आपल्या 38 टक्के. त्यात गर्भ नीट वाढेल का, मुलाची हाडं कशी होतील, हे जगात कुणालाच ठाऊक नाही. आणि ते ठाऊक नसताना ‘वसाहत’ हा शब्द वापरणं मला उतावीळपणाचं वाटतं. अख्खा मंगळच उबदार करून टाकू म्हणणाऱ्यांना 2018 साली ब्रूस जकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी हिशेब करून दाखवला, की त्यासाठी हाती येण्याजोगा कार्बन डायऑक्साइड तिथं पुरेसा नाहीच.

मुक्काम मात्र होईल. अंटार्क्टिकावर आपलं ‘मैत्री’ केंद्र 1989 पासून चालू आहे. माणसं जातात, महिनोन् महिने राहतात, परततात. धान्य आणि इंधन बोटीनं येतं, हवा फुकट असते. हवाही विकतची असलेलं असं एखादं केंद्र मंगळावर याच शतकात उभं राहील, असं मी पैजेवर सांगेन. पण मुक्काम म्हणजे नांदणं नव्हे.

‘बायोस्फिअर 2’मधली एक रहिवासी, जेन पॉयंटर, पुढं सांगायची की आत एक पिझ्झा करायला तिला चार महिने लागले. आधी गहू पेरायचा, शेळीच्या दुधाचं चीज करायचं. याच जेनच्या बोटाचं टोक सुरुवातीच्याच दिवसांत भाताच्या मळणीयंत्रात सापडून तुटलं. आतल्या डॉक्टरांनी शिवून पाहिलं, जमेना. मग दार उघडलं, तिला दवाखान्यात नेलं, शस्त्रक्रिया झाली, आणि काही तासांत ती परत आत. मंगळ आणि पृथ्वी यांच्यामधलं दार सव्वीस महिन्यांतून एकदा उघडतं, आणि पलीकडं पोहोचायला पुढं सहा-सात महिने लागतात.