एकाच गुणपत्रिकेत तीन टक्केवाऱ्या

बारावी सायन्सचा निकाल लागला की आपल्या वस्तीत प्रत्येक मुलाला एकच आकडा विचारला जातो. "किती टक्के पडले रे?" पोरगा खाली मान घालून सांगतो, पन्नास. मग कोणीतरी जाणता माणूस सल्ला देतो, पन्नासवर इंजिनिअरिंग कुठले मिळते, फॉर्मचे पैसे वाया घालवू नका. बाप बिगारीवर जाणारा, आई चार घरची धुणीभांडी करणारी. सायन्सच्या बहुतेक प्रवेशांत हा पन्नासचा आकडा कोणी बघतच नाही, हे त्यांना कोण सांगणार?

मी एका कार्यालयात कारकून आहे, शिक्षण बी.कॉम. फिजिक्स-केमिस्ट्रीतले मला काही कळत नाही, पण फॉर्म कळतात. मे ते ऑगस्ट या दिवसांत आम्ही चार-पाच जण संध्याकाळी विहारात बसून मुलामुलींना प्रवेशाचे फॉर्म भरायला मदत करतो. तिथे जे वारंवार दिसते ते पालकांपुढे मांडतो.

आधी गुणपत्रिका कशी वाचायची ते पाहू. समजा एका मुलाला इंग्रजीत ४८, मराठीत ६२, फिजिक्समध्ये ४१, केमिस्ट्रीत ४६, मॅथ्समध्ये ३९ आणि बायोलॉजीत ६८ गुण आहेत. बेरीज ६०० पैकी ३०४, म्हणजे ५०.६७ टक्के. हा झाला वस्तीत सांगायचा आकडा. आता फक्त फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स धरा. ३०० पैकी १२६, म्हणजे ४२ टक्के. याला पीसीएम ग्रुप म्हणतात. मॅथ्स काढून बायोलॉजी धरा. ३०० पैकी १५५, म्हणजे ५१.६७ टक्के. हा पीसीबी ग्रुप. मुलगा एक, कागद एक, पण टक्केवाऱ्या तीन. कोणता कोर्स कोणती टक्केवारी मागतो हे ठाऊक नसेल तर सगळी चर्चा फुकट.

इंजिनिअरिंगला पात्र ठरायला ग्रुपच्या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के लागतात. म्हणजे वरचा मुलगा ४२ टक्क्यांवर पात्र आहे. त्याची एकूण टक्केवारी ५०, ५५ की ६० हे इथे कोणी विचारणार नाही. पात्र ठरल्यावर पुढचा क्रमांक लागतो तो एमएचटी-सीईटीच्या गुणांवर. मेडिकललाही तसेच आहे. बारावीला पीसीबीमध्ये राखीव वर्गाला ४० टक्के, खुल्या वर्गाला ५० टक्के लागतात आणि क्रमांक ठरतो नीटवर. साध्या बी.एस्सी.ला मात्र बारावीचे गुण महत्त्वाचे, कारण बहुतेक कॉलेजे त्यावरच गुणवत्ता यादी लावतात. म्हणून ज्याला बी.एस्सी. करायचे आहे त्याने बारावीच्या टक्क्यांची काळजी करावी. ज्याला इंजिनिअरिंग करायचे आहे त्याने ग्रुपचे ४० टक्के पार झाले की बारावीची चिंता सोडून सीईटीच्या अभ्यासाला लागावे. आपल्याकडे नेमके उलटे होते. बारावीसाठी ट्यूशन लावतात आणि सीईटीला मूल तसेच बसते.

सीईटीचा निकाल आला की आणखी एक घोटाळा होतो. तिथे पर्सेंटाइल देतात, टक्के नव्हे. ७० पर्सेंटाइल म्हणजे १०० मुलांत साधारण ७० मुले याच्या बरोबरीने किंवा मागे आहेत. शंभरपैकी सत्तर गुण मिळाले असा त्याचा अर्थ होत नाही. एका मावशीने मुलीला ७० आले म्हणून पेढे वाटले आणि पुढच्याच आठवड्यात कोणी तरी "एवढ्यावर चांगले कॉलेज मिळणार नाही" म्हटल्यावर त्या रडत विहारात आल्या. पेढे वाटले ते चांगलेच केले. पण कॉलेज मिळणार की नाही हे सांगणाऱ्यानेही कट-ऑफची यादी उघडून पाहिलेली नव्हती.

कट-ऑफ ही काय वस्तू आहे तेही समजून घ्या. कॉलेजने आधी ठरवून दरवाजावर लावलेली ती अट नव्हे. गेल्या वर्षी त्या कॉलेजात, त्या शाखेत, त्या प्रवर्गात, त्या फेरीत शेवटची जागा ज्या मुलाला मिळाली, त्याचे जे पर्सेंटाइल होते तेच कट-ऑफ. यंदा तो आकडा वर जाईल किंवा खाली येईल. राज्याच्या सीईटी कक्षाकडून प्रत्येक फेरीच्या याद्या निघतात. त्यांत प्रत्येक शाखेखाली बरेच रकाने असतात. 'जी ओपन' म्हणजे खुली जागा, 'जी एससी' म्हणजे अनुसूचित जातीची, 'एल एससी' म्हणजे अनुसूचित जातीतील मुलींची. सायबर कॅफेवाला बहुतेकदा पहिल्या फेरीचा पहिला रकाना वाचून दाखवतो आणि आपण घरी परत येतो. आपल्या मुलीने 'एल एससी'चा रकाना बघितला पाहिजे आणि तोही शेवटच्या फेरीपर्यंतचा.

बी.एस्सी.च्या पहिल्या गुणवत्ता यादीचेही असेच. हुशार मुलगा पाच कॉलेजांत अर्ज करतो, पाचही ठिकाणी त्याचे नाव लागते आणि जातो एकाच ठिकाणी. बाकीच्या चार जागा पुढच्या यादीत खालच्या मुलांकडे येतात. त्यामुळे पहिल्या यादीत नाव नाही म्हणून नाव मागे घेणे म्हणजे रांगेतून स्वतःहून बाहेर पडणे.

एक गैरसमज तर शिकलेल्या घरांतही ऐकला. "राखीवमधून फॉर्म भरला तर खुल्या जागेवरचा हक्क जातो." हे साफ चूक आहे. फॉर्ममध्ये प्रवर्ग लिहिला तरी स्वतःच्या गुणांवर खुली जागा मिळत असेल तर ती मिळते, आणि नाही मिळाली तर राखीव जागेचा विचार होतो. राखीव प्रवर्गातील उमेदवार गुणांवर खुल्या जागेत आला तर तो राखीव कोट्यात मोजायचा नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या मंडल निकालातही सांगितले. तेव्हा प्रवर्ग लपवण्यात कसलीही हुशारी नाही.

आता अर्ज बदलण्याचा विषय. निकालानंतर सर्वांत जास्त गर्दी होते ती यासाठी. "बायोलॉजीचे जमले नाही, आता इंजिनिअरिंगला टाकू." "इंजिनिअरिंग नको म्हणतो, फार्मसी करू." काही बदल होतात, काही होत नाहीत.

एका रिक्षावाल्या बंधूंची मुलगी गेली दोन वर्षे डॉक्टर व्हायचे म्हणून नीटच्या मागे होती. बारावीला मॅथ्सही घेतले होते आणि त्यात गुणही बरे होते. नीटमध्ये नंबर लागण्यासारखा नव्हता. जुलैमध्ये बापलेक फॉर्म घेऊन आले, इंजिनिअरिंगला टाका म्हणाले. सीईटीचे हॉलतिकीट पाहिले तर तिने फक्त पीसीबीची परीक्षा दिलेली. सीईटीत पीसीएम आणि पीसीबी या दोन वेगळ्या परीक्षा असतात आणि २०२० पासून त्यांचे पर्सेंटाइलही वेगवेगळे निघते. पीसीएम दिलेलीच नाही म्हटल्यावर त्या वर्षापुरते सीईटीवरचे इंजिनिअरिंग संपले. वडील पुन्हा पुन्हा एकच विचारीत होते, "पण मॅथ्स होतं ना तिला?" होते. पण ज्या दिवशी सीईटीचा फॉर्म भरला त्या दिवशी एका रकान्यात एकच खूण केली, कारण दोन ग्रुपची फी जास्त पडते. शेवटी बी.फार्मसीचा फॉर्म भरला, कारण फार्मसीला दोन्हींपैकी कोणताही ग्रुप चालतो. ती आता फार्मसीला आहे.

म्हणून सांगतो, विज्ञान शाखेतला बदल जूनमध्ये निकालानंतर सुचतो, पण तो शक्य ठेवायचा असतो सीईटीचा फॉर्म भरताना, आणि खरे तर अकरावीला विषय घेताना. ज्याला झेपेल त्याने अकरावीत मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही घ्यावेत आणि सीईटी दोन्ही ग्रुपची द्यावी. ज्याला दोन्ही झेपत नाहीत त्याच्यावर लादू नये. दोन्हींत नापास होण्यापेक्षा एकात चांगला पास होणे बरे.

ज्यांचा विषय सुटला त्यांनाही वाटा आहेत, जरा लांबच्या. बायोलॉजी न घेतलेल्या मुलाला बारावीनंतर तो जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण करून नीटला बसता येते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तसे जाहीर केले. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते आणि डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तेही सीईटीशिवाय. बारावीला मॅथ्स असलेला बी.एस्सी. पदवीधरही इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला पात्र असतो. म्हणजे आज बी.एस्सी.ला गेला म्हणून इंजिनिअरिंग कायमचे गेले, असे नाही.

शाखा बदलायची तर ती कॅप फेऱ्यांत, ऑप्शन फॉर्मवर बदलते. पसंतीक्रम फार जपून लिहा. २०२५ च्या इंजिनिअरिंग प्रवेशात नियम असा होता की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तेच घ्यायचे, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी मिळाले तरी तसेच. शेजारच्या पोराने सांगितले म्हणून एक नंबरवर भलतीच शाखा लिहिली आणि ती लागली, तर नंतर आपल्या हाती काही उरत नाही. दरवर्षीची माहितीपुस्तिका नवी येते, ती त्या वर्षीची वाचावी.

आता पुन्हा त्या ४२ टक्केवाल्या मुलाकडे येऊ. तो पात्र ठरला तो ४० टक्क्यांच्या अटीवर. ही सवलत मिळते जातीच्या दाखल्यावर आणि जात वैधता प्रमाणपत्रावर. व्हॅलिडिटी वेळेत नसेल तर मुलगा खुल्या वर्गात धरला जातो. तिथे अट ४५ टक्के. म्हणजे गुण तेच, मेहनत तीच, पण एका कागदावाचून मुलगा अपात्र. शासनाने काही वर्षी हा कागद नंतर द्यायला मुदत दिली, पण मुदत मिळेलच म्हणून बसून राहू नये.

आपल्या घरांत हा कागद अडतो त्याला कारण आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्या आजोबा-पणजोबांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांचा शाळेचा दाखला आणायचा कुठून? अशा वेळी गावच्या कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, म्हणजे गाव नमुना १४, तहसील कार्यालयात शोधावी. वडिलांकडच्या रक्तनात्यातील कोणाला, सख्ख्या चुलत्याला किंवा चुलत भावाला, व्हॅलिडिटी मिळाली असेल तर त्याची प्रत जोडावी. त्याचा मोठा आधार होतो. भाऊबंदकीत बोलचाल बंद असली तरी तेवढ्यापुरते बोलावे. दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिले असेल तर मूळ जातीचा पुरावा लागतोच. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या, पण त्यासाठी दाखला ठरलेल्या नमुन्यातला असावा लागतो. अनुसूचित जातीला नॉन-क्रीमी लेयर लागत नाही. तो काढायला कोणी पैसे मागितले तर देऊ नका. व्हॅलिडिटीचा अर्ज मूल अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत करावा. बारावीच्या निकालानंतर केलेला अर्ज ऐन प्रवेशात उपयोगी पडेलच असे नाही.

राहिला पैशांचा भाग. बी.एस्सी.चे प्रवेश आधी होतात, इंजिनिअरिंग-फार्मसीच्या फेऱ्या नंतर. त्यामुळे बी.एस्सी.ला फी भरून मूल पुढे निघून जाते आणि ती फी बुडाली असे समजून पालक गप्प बसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये फी परतीचे प्रमाण ठरवून दिले आहे. प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, त्यातून जास्तीत जास्त ५ टक्के आणि तेही ५००० रुपयांपर्यंतच कापता येतात. त्या तारखेआधी १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटल्यावर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांत ५० टक्के, त्यापुढे काही नाही. मूळ प्रमाणपत्रेही कॉलेजने अडकवून ठेवायची नाहीत. म्हणून प्रवेश रद्द करण्याचा अर्ज तोंडी करू नका. लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. सगळा हिशेब त्या तारखेवर आहे.

नव्या कॉलेजात प्रवेश घेताना तो कॅपमधूनच झाला आहे ना, हे पाहावे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळत नाही, मग एजंट काहीही सांगो. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर शिष्यवृत्ती आणि त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची माफी. दोन्हींचा अर्ज महाडीबीटीवर भरतात. आधीच्या बी.एस्सी. कॉलेजातून अर्ज भरला गेला असेल तर तो तिथल्या कारकुनाकडून रद्द करून घ्यावा आणि नवा भरावा. हा कारकून बहुधा दुपारी जेवणानंतर भेटतो आणि त्याच्याशी नीट बोलले तर काम त्याच दिवशी होते.