आरोपीचा जबाब कोण लिहितो?

गोव्यात १५८० साली एका मेलेल्या माणसाला शिक्षा झाली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५६८ सालीच वारला होता. बारा वर्षांनी धर्मन्यायालयाने त्याची हाडे कबरीतून उकरून जाळली. गुन्हा काय? तो वरून ख्रिस्ती आणि आतून यहुदी होता! त्याच्या बहिणीला, कातारिनाला, १५६९ मध्येच जाळून मारले होते.

पोर्तुगालच्या राजाने १४९७ साली यहुद्यांना सक्तीने ख्रिस्ती केले. त्यांना नाव पडले 'नवे ख्रिस्ती'. नातवंडे-पतवंडे झाली तरी 'नवे'च. १९५६ नंतर आमच्या बापजाद्यांना 'नवबौद्ध' म्हटले गेले, अजून आम्हालाही म्हणतात. फरक मोठा आहे. आमची माणसे दीक्षाभूमीवर स्वखुशीने गेली, त्यांना फरफटत नेले. पण 'नव' चिकटवणाऱ्याचा हेतू एकच, तुझे मूळ आम्ही विसरलेलो नाही.

गोव्याचे हे न्यायालय १५६० पासून, मधली काही वर्षे सोडली तर, १८१२ पर्यंत चालले. धर्मांतरित स्थानिक लोकही त्यात भरडले गेले. अ. का. प्रियोळकरांनी त्यावर १९६१ साली ग्रंथ लिहिला. (आज काहींना हे न्यायालय एका धर्माला झोडपण्यापुरतेच आठवते. त्यांच्या भाषणात ओर्ता नसतो.) वकिलाला तिथली कार्यपद्धती वाचून घाम फुटतो. साक्षीदाराचे नाव आरोपीला सांगायचे नाही. छळ करून घेतलेली कबुली हाच पुरावा! आपल्याकडे पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचे कलम २५ होते, आता साक्ष्य अधिनियमाचे कलम २३ आहे.

न्यायालय बंद झाल्यावर गोव्यातील बहुतेक दप्तर नष्ट झाले. उरले त्यात आरोपीचे बोलणे आहे, पण कारकुनाच्या हातचे. मग शुक्रवारी संध्याकाळी दार लावून घेताना कातारिनाच्या मनात काय येत असेल, हे कोण सांगणार? रिचर्ड झिमलर यांनी गोव्यातील याच छळावर 'गार्डियन ऑफ द डॉन' ही कादंबरी २००५ साली लिहिली. आमचे एक वकीलमित्र म्हणाले, "कादंबरी म्हणजे थापा. पुरावा दाखवा."

पुरावा हवाच. पण ज्याचे कागद छळणाऱ्यानेच लिहिले आणि छळणाऱ्यानेच नष्ट केले, त्याने काय दाखवावे? ओर्ताने स्वतः १५६३ साली गोव्यात औषधी वनस्पतींवर जो ग्रंथ छापला, तो रुआनो नावाच्या कल्पित माणसाशी केलेला संवाद आहे. आणि बाबासाहेबांनी १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत हाच प्रश्न घेतला आहे. पुराव्याची साखळी तुटली असेल तिथे संशोधकाने कल्पनाशक्तीने दुवा जोडावा, असे ते सांगतात. अट एवढीच की हाती असलेल्या पुराव्याशी तो विसंगत नसावा.

आमच्या लाखनीकडे छप्पन सालची दीक्षा पाहिलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली. घरातले देव कोणी कोणत्या रात्री बाहेर काढले, त्यापायी कोणाची मजुरी तुटली, याची नोंद ना तहसिलीत ना ठाण्यात. एखाद्या मुलीने यावर कादंबरी लिहायला घेतली, तर जे काही कागद असतील ते मी शोधून देईन. फी घेणार नाही.