वाट नसलेलं बेट

1789 च्या जानेवारीत ‘बाउंटी’ नावाच्या इंग्रजी जहाजावरून तिघे खलाशी रात्रीच्या अंधारात होडी घेऊन पळाले. जहाज प्रशांत महासागरातल्या ताहितीच्या किनाऱ्याला गेले कित्येक आठवडे नांगर टाकून होतं. वेस्ट इंडीजमधल्या मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खाऊ घालता यावं म्हणून नीरफणसाची रोपं गोळा करायचं काम चाललं होतं. पळालेल्यांनी वाटेत जहाजाची होडी सोडली, स्थानिकांचं होडगं धरलं आणि उत्तरेकडच्या एका सखल बेटाची दिशा घेतली, अशी खबर कप्तान ब्लायला लागली. तीन आठवड्यांच्या आत तिघेही ताहितीतच सापडले आणि चाबकाचे फटके खाऊन पुन्हा कामाला लागले. खलाशांच्या ज्या बंडामुळे ‘बाउंटी’ जगाला ठाऊक झालं, ते पुढे एप्रिलात झालं.

त्या सखल बेटाचं नाव तेतिआरोआ. आज तिथे पळून जायचं तर एका रात्रीला काही हजार डॉलर मोजावे लागतात. वीस मिनिटांच्या विमानप्रवासाचे पैसे वेगळे. तिथल्या एका उपाहारगृहाचं नाव ‘ले म्युतिने’, म्हणजे बंडखोर. चाबूक खाल्लेल्या तिघांना हे कळलं असतं तर त्यांनी काय म्हटलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तेतिआरोआ म्हणजे एकच बेट नव्हे. प्रवाळाचं एक मोठं कडं, त्याच्या आत उथळ, हिरवट निळं लगून, आणि कड्यावर ठिकठिकाणी वाळूने व झाडांनी धरलेली बारा-तेरा बेटुकली. ताहितीत अशा बेटुकल्याला ‘मोटू’ म्हणतात. सगळी मिळून जमीन जेमतेम सहा चौरस किलोमीटर. पण खरी गोष्ट या कड्याची आहे. बऱ्याच प्रवाळकड्यांना कुठेतरी एक खिंड असते, तिथून जहाज आत शिरतं. या कड्याला तशी खिंडच नाही. म्हणजे बंदर नाही, धक्का नाही. होडी लाटेच्या पाठीवर बसवायची, नेमक्या क्षणी वल्ही मारायची आणि खडकावरून आत फेकलं जायचं, एवढीच जुनी वाट. वेळ चुकली तर होडीचे तुकडे. या बेटाचं जे काही झालं, चांगलं आणि वाईट, ते या न उघडणाऱ्या दारामुळे झालं.

ताहितीचे सरदार इथे विसाव्याला येत. उच्च कुळातल्या तरुण मुला-मुलींना सावलीत ठेवून, खाऊ-पिऊ घालून लठ्ठ आणि उजळ करण्याची तिथे रीत होती. ते लग्नाच्या बाजारासाठी कमी आणि कुळाच्या मानासाठी जास्त. बिशप म्युझियमचे पुरातत्त्वज्ञ योशिहिको सिनोतो यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला इथे पाहणी केली, तेव्हा झाडीत ‘मराए’ म्हणजे दगडी पूजास्थानं सापडली आणि धनुर्धाऱ्यांसाठी बांधलेले चौथरेही सापडले. ताहितीत धनुष्यबाण लढाईत वापरत नसत. तो सरदारांचा खेळ होता, धर्मविधीत गुंफलेला. थोडक्यात, बडे लोक शांततेसाठी इथे येतात ही प्रथा हॉटेलवाल्यांनी सुरू केलेली नाही.

1904 मध्ये ताहितीच्या पोमारे राजघराण्याकडून हे बेट जॉन्स्टन वॉल्टर विल्यम्स या दंतवैद्याकडे गेलं. त्याने इथे नारळ लावले, सुक्या खोबऱ्याचा धंदा केला. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण आज छायाचित्रांत जे घनदाट ‘आदिम’ जंगल दिसतं त्याचा मोठा भाग म्हणजे मालकाने सोडून दिलेली माडांची वाडी आहे. राखण सुटली की पडलेला नारळ रुजतो, रोप उठतं, झावळ्यांचा खच पडतो, आणि मूळची झाडं खाली गुदमरतात. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही. आणखी एक ओळख सांगतो. पॉलिनेशियात मराएच्या भोवती जी झाडं पवित्र म्हणून लावत, त्यांतला ‘तमानू’ म्हणजे आपली उंडी, जिचं कडू तेल कोकणात दिव्याला घालत. ‘मिरो’ म्हणजे आपली परसभेंडी.

हॉलिवूडचा नट मार्लन ब्रँडो इथे आला तो त्या बंडाच्याच पाठीवर बसून. ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’ या 1962च्या चित्रपटाचं चित्रीकरण ताहितीत झालं. ब्रँडो त्यात बंडखोरांचा म्होरक्या फ्लेचर ख्रिश्चन. चित्रीकरणाच्या काळात ताहितीच्या एका उंच डोंगरावरून त्याला क्षितिजावर ही सपाट रेघ दिसली, असं सांगतात. चित्रपटातली नायिका तरिता तेरीपाइआ हिच्याशी त्याने लग्न केलं आणि 1966-67 मध्ये तेतिआरोआ मिळवलं. आपल्याकडे ब्रँडो म्हटलं की गालात कापूस भरलेला गॉडफादर आठवतो. ज्या वर्षांत तो सिनेमा गाजत होता त्याच वर्षांत हा माणूस खोबऱ्याच्या बेटावर विमानपट्टी कशी आखायची, या विचारात होता.

विमानपट्टी आखावीच लागली, कारण कड्याला वाट नव्हती. लॉस एंजेलिसचा वास्तुरचनाकार बर्नार्ड जज याला ब्रँडोने कामाला लावलं. ओनेताही या मोटूवर 1973 मध्ये डझनभर झोपडीवजा घरं उभी राहिली. माडाचं लाकूड, झापांची छपरं, आणि हात धुवायच्या भांड्यांच्या जागी मोठे शिंपले. ब्रँडोच्या डोक्यात मात्र हॉटेलपेक्षा शाळा होती. शास्त्रज्ञ यावेत, समुद्रावर प्रयोग व्हावेत, बेटाने स्वतःचं अन्न आणि ऊर्जा स्वतः काढावी. ईल माशांच्या विजेवर काही चालवता येईल का, हेही त्याने मनात घोळवलं होतं, असं त्याचे सोबती सांगत. ते साधं हॉटेल तरिताने पाव शतक चालवलं. झापांना वाळवी लागते, खारा वारा लोखंड खातो, 1983च्या वादळांनी बरंच उडवून नेलं, आणि पाहुण्यांची संख्या हिशेब जुळण्याइतकी कधी झालीच नाही. साधेपणा टिकवायला पैसा लागतो. तो ब्रँडोकडे कधी असे, कधी नसे.

1 जुलै 2004 रोजी ब्रँडो वारला. त्याआधी काही वर्षं ताहितीत हॉटेलं चालवणाऱ्या रिचर्ड बेलीशी त्याची बोलणी चालू होती. बेलीच्या कंपनीने 2014च्या जुलैत ‘द ब्रँडो’ उघडलं. पस्तीस व्हिला, प्रत्येकाला आपली पुळण आणि आपलं छोटं तळं. पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या, बोरा बोराच्या जाहिरातींत दिसणाऱ्या झोपड्या इथे नाहीत. घरं झाडांच्या ओळीमागे ठेवली आहेत. लगूनमधून बघितलं तर बहुतेक हिरवंच दिसतं. याचं एक कारण देखणेपणाचं, दुसरं कासवांचं. हिरवी समुद्री कासवं याच पुळणींवर रात्री अंडी घालतात आणि त्यांना किनाऱ्यावरचा उजेड चालत नाही.

आता यंत्राकडे वळतो, कारण मला खरं कुतूहल त्याचं आहे.

उष्ण कटिबंधातल्या कुठल्याही मोठ्या हॉटेलात विजेचा सगळ्यात खादाड गडी म्हणजे वातानुकूलन. ताहितीहून वीजवाहिनी आणणं सोपं नाही, डिझेल आणायचं तर पुन्हा ते कडं. तेतिआरोआवर उत्तर सापडलं ते खाली, सुमारे 900 मीटर खोल समुद्रात. तिथे पाणी बाराही महिने पाच अंश सेल्सियसच्या आसपास असतं. ध्रुवाकडे थंड होऊन बुडालेलं पाणी समुद्राच्या खोलात संथपणे सरकत विषुववृत्तापर्यंत येतं, त्याचा हा गारवा. एक लांब प्लास्टिकचा पाइप कड्यावरून उतारावर सोडला आहे. लोकांना वाटतं, एवढ्या खोलातून पाणी उपसायचं म्हणजे केवढी ताकद लागत असेल. तसं नाही. पाइपचं खालचं तोंड उघडं असलं की पाणी आपसूक समुद्राच्या पातळीपर्यंत चढून उभं राहतं, विहिरीत बुडवलेल्या पोकळ बांबूत चढतं तसं. थंड पाणी थोडं जड, म्हणून पातळी किंचित खाली राहते, इतकंच. पंपाला फक्त ते वाहतं ठेवायचं असतं, पाइपच्या भिंतींचं घर्षण सोसायचं असतं. वर आल्यावर ते उष्णता-विनिमयकात जातं. त्याचे पत्रे टायटेनियमचे, कारण खाऱ्या पाण्यापुढे दुसरे बहुतेक धातू फार काळ तग धरत नाहीत. पत्र्याच्या एका अंगाला समुद्राचं पाणी, दुसऱ्या अंगाला गोडं. दोघांची भेट होत नाही, फक्त गारवा इकडून तिकडे जातो. गोडं पाणी मग बंद नळ्यांतून प्रत्येक खोलीत फिरून परत येतं. खारं पाणी आपलं काम करून समुद्रात. वातानुकूलन यंत्राचं धडधडणारं हृदय म्हणजे कॉम्प्रेसर, तोच या व्यवस्थेत नाही. त्यामुळे नेहमीच्या पद्धतीत जेवढी वीज जाते तिचा थोडासाच वाटा इथे लागतो.

कल्पना जुनी आहे. खोल आणि उथळ समुद्राच्या तापमानातल्या फरकावर इंजिन चालवता येईल, हे फ्रेंच शास्त्रज्ञ दार्सोनव्हाल यांनी 1881 मध्ये मांडलं. त्यांचे शिष्य जॉर्ज क्लोद यांनी 1930 मध्ये क्यूबाच्या किनाऱ्यावर ते करून बघितलं, थोडी वीज निघालीही, आणि पाइप वादळाने मोडला. बेलीच्याच कंपनीने बोरा बोरावरच्या हॉटेलात 2006 मध्ये नुसत्या गारव्यापुरता हा पाइप टाकला होता. तेतिआरोआचा त्याच्या पुढचा.

पण हे सगळीकडे जमत नाही. बॉम्बे हाय मुंबईपासून साधारण 160 किलोमीटरवर आहे आणि तिथेही समुद्र 75 मीटरच्या आसपासच खोल. आपल्या किनाऱ्याला तळ असा लांबवर पसरलेला. प्रवाळकडं मात्र बुडत गेलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर वाढलेलं असतं. डार्विनने 1835 मध्ये ताहितीच्या उतारावर चढून समोरच्या मोरेआ बेटाभोवतीचं कडं पाहिलं आणि हा सिद्धान्त त्याच्या मनात पक्का होत गेला. म्हणून कड्याच्या बाहेर पाऊल टाकलं की तळ एकदम नाहीसा होतो, आणि 900 मीटरची खोली किनाऱ्यापासून जवळच मिळते. ज्या कड्याने जहाजं अडवली त्यानेच गारवा दाराशी आणून ठेवला होता.

बाकी विजेसाठी विमानपट्टीच्या कडेने सौरपट्ट्या आहेत, साठवणीला बॅटऱ्या, आणि जनित्रं खोबरेलावर चालावीत अशी आखणी. 2016 मध्ये या सगळ्याला अमेरिकेतलं ‘लीड प्लॅटिनम’ हे पर्यावरणाचं सर्वोच्च प्रमाणपत्र मिळालं. पाहुणे विमानानेच येतात, विमान पेट्रोलियमवरच उडतं, आणि ताहितीपर्यंतचा त्यांचा प्रवास आठ-दहा हजार किलोमीटरचा असू शकतो. ते गणित प्रमाणपत्रात मावत नाही.

तरीही मी या ठिकाणाला नाक मुरडून मोकळा होऊ शकत नाही, कारण ब्रँडोची शाळा अखेर उभी राहिली ती याच पैशावर. हॉटेलशेजारी ‘तेतिआरोआ सोसायटी’चं संशोधन केंद्र आहे. ताहितीतल्या लुई मालार्दे संस्थेने ओनेताहीवर डासांचा प्रयोग केला. व्होल्बाकिया नावाचा जिवाणू असलेले नर डास सोडायचे. त्यांच्याशी जुळलेल्या स्थानिक मादीची अंडी फुटत नाहीत, आणि नर चावत नाही. हत्तीरोग आणि डेंग्यू पसरवणारा तिथला डास या मोटूवर जवळजवळ दिसेनासा झाला. औषध फवारून हे साधलं नसतं. डास बाहेरून सहजासहजी पुन्हा येत नाही, कारण भोवती समुद्र. मग 2022 मध्ये उंदरांचा नंबर लागला. उंदीर समुद्रपक्ष्यांची अंडी खातात आणि कासवांची पिल्लंही. पक्षी कमी झाले की त्यांची विष्ठा कमी, आणि त्या खतावर कड्याच्या आतलं जीवन पोसलं जातं. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरच्या 2018च्या अभ्यासात उंदीर नसलेल्या बेटांभोवती मासे जास्त असल्याचं दिसलं होतं. तेतिआरोआवर ते आता मुद्दाम करून बघितलं जातंय.

श्रीमंतांनी डास मारायला पैसे दिले, हे खरं. इथे ते गरिबांच्या गावासाठी झालं नाही, हेही खरं.

अशाच थंड पाण्याचा एक पाइप आपल्या लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला आहे. 2005 मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने तो टाकला. साडेतीनशे मीटर खोलीवरचं पाणी वर आणायचं, कमी दाबात वरच्या कोमट पाण्याची वाफ करायची आणि त्या थंड पाण्याने ती पुन्हा पाणी करायची. दिवसाला एक लाख लिटर पिण्याचं पाणी. तिथेही प्रवाळकडंच, तिथेही कड्याबाहेर लगेच खोल समुद्र, आणि विहिरींचं पाणी मचूळ. पुढे मिनिकॉय आणि अगत्तीलाही असेच प्रकल्प झाले. तिथल्या नळाच्या बातम्या फार छापून येत नाहीत. 2017 मध्ये बराक ओबामा तेतिआरोआवर लिहीत बसले होते, त्याच्या मात्र आल्या.

2022 मध्ये ताहितीच्या राजधानीला, पापीतेला लागून असलेल्या मोठ्या रुग्णालयाने असाच खोल समुद्राचा पाइप जोडून घेतला. मधुचंद्राला आलेल्या जोडप्यांच्या खोल्यांत ज्याची सोळा वर्षं चाचणी झाली, तो गारवा आता तिथल्या वॉर्डांत खाटांवरून फिरतो.