भाताच्या जागीं फुलकोबी

फुलकोबी पिकविणारे खातेदार आपल्या मंडळांत पुष्कळ आहेत. ती नीट शिजविणारीं घरें मात्र थोडीं. याचें कारण उघड आहे. हें पीक आपल्या देशांतलें जुनें नव्हे. १८२२ सालीं इंग्लंडांतून आणून तें सहारनपूरच्या कंपनीबागेंत प्रथम लावण्यांत आलें. त्यामुळें बटाट्याबरोबर रस्सा करणें यापलीकडे त्याचा विचार आपण फारसा केला नाहीं. भात कमी करावा लागणाऱ्या माणसाच्या ताटांत या भाजीचा कसा उपयोग होतो, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

हा विषय आम्हीं हौसेनें निवडलेला नाहीं. आमची हयात महसूल खात्यांत बैठ्या कामांत गेली. निवृत्तीनंतर वर्षाच्या आंत रक्तांत साखर निघाली, आणि भात-भाकरी निम्म्यावर आणण्याचा सल्ला डॉक्टरांनीं दिला. सल्ला सोपा, पण पाळणें कठीण. अर्धपोटीं उठावें आणि रात्रीं डब्यांतला गुळाचा खडा चोरून तोंडांत टाकावा, असा क्रम सुरू झाला. आमच्या ओळखीच्या कित्येक बागाइतदारांचीहि हीच कथा आहे. ट्रॅक्टर आला, अंगमेहनत घटली. ताट मात्र आजोबांच्या वेळचेंच राहिलें.

आंकड्यांची संवय सुटत नाहीं, म्हणून प्रथम हिशेब मांडतों. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातांत कर्बोदकें सुमारें २८ ग्रॅम असतात. तितक्याच कच्च्या फुलकोबींत सुमारें ५ ग्रॅम, आणि त्यांपैकीं २ ग्रॅम न पचणारा चोथा असतो. म्हणजे दोनशें ग्रॅम भाताच्या जागीं दोनशें ग्रॅम फुलकोबी घेतली, तर कर्बोदकें ५६ वरून १० वर येतात. चोथ्यानें व आकारमानानें पोट भरतें. साखर त्या मानानें चढत नाहीं. फुलकोबींत शेंकडा सुमारें ९२ भाग पाणी असतें, आणि तिच्या पाकाची सारी मेख या पाण्यांतच आहे.

गड्डा घट्ट व डागरहित घ्यावा. त्याचे तुरे मोकळे करून कोमट मिठाच्या पाण्यांत दहा-पंधरा मिनिटें बुडवून ठेवावे, म्हणजे आंत दडलेल्या अळ्या बाहेर येतात. मग वाहत्या पाण्यानें धुऊन, फडक्यावर पसरून पूर्ण कोरडे करावे. ही पायरी टाळली तर पुढचें काम बिघडलेंच म्हणून समजावें.

कोरडे तुरे किसणीच्या मोठ्या भोकांवर किसून तांदळाएवढे कण करावे. दोन माणसांस चारशें ग्रॅम कीस पुरे. पसरट लोखंडी कढईंत दोन लहान चमचे तेल तापवून मोहरी, जिरें, कढीलिंब, हिरवी मिरची व हळद यांची फोडणी द्यावी. त्यांत कीस टाकून मोठ्या आंचेवर पांच-सहा मिनिटें परतावा. झांकण ठेवूं नये. वाफ अडली कीं कण गिच्च होतात. मीठ अखेरीस घालावें, कारण तें आधीं घातल्यास पाणी सुटतें. कण किंचित् दाताखालीं लागत असतांनाच उतरून वर कोथिंबीर, थोडें खोबरें व लिंबू घालावें. यावर पातळ वरण किंवा ताकाची कढी चांगली लागते.

तीन चुका टाळाव्या. पहिली, फार वेळ शिजविणें. त्यानें गंधकयुक्त द्रव्यें सुटून उग्र वास येतो. दुसरी, उकडून पाणी ओतून देणें किंवा खाण्याचा सोडा घालणें. दोहोंनींहि क जीवनसत्त्व वायां जातें. तिसरी, बटाटा वा मटार मिसळणें किंवा बेसन पेरणें. मग ज्यासाठीं हा खटाटोप केला तो हेतूच फसतो.

एक इशारा आवश्यक आहे. साखरेचीं औषधें किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीं आपल्या मनानें एकदम धान्य तोडूं नये. साखर धोकादायक खालीं उतरूं शकते. डॉक्टरांस विचारून, औषधाचें प्रमाण ठरवूनच हा बदल करावा.

हिंवाळ्यांत आवक वाढून भाव कोसळला म्हणजे चांगले गड्डेहि आपण गुरांपुढें टाकतों. त्यांतले दोन घरांत न्यावे. फवारणीनंतर तोडणीसाठीं सांगितलेली मुदत आपल्या ताटासाठीं जशी कसोशीनें पाळूं, तशीच ती बाजारच्या पाटीसाठींहि पाळावी, हेंहि ओघानें सांगतों. खाणारा कोणाचा तरी घरचाच असतो.

आमचा आजार या भाजीनें बरा झाला, असें आम्ही म्हणणार नाहीं. पण आतां पोट भरून उठतों, आणि गुळाच्या डब्याकडे रात्रीं पाय वळत नाहींत.